हौशी फोटोग्राफरचा पुढचा कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर किंवा एखाद्या जुन्या किट कॅमेऱ्यावर हात बसला आहे, आता जरा वरच्या दर्जाचा कॅमेरा घ्यायचा आहे, पण जितके व्हिडिओ बघावेत तितका गोंधळ वाढतो आहे, अशांसाठी ही उत्तरं आहेत. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचे आणि स्टुडिओवाल्यांचे हिशेब वेगळे असतात. इथे विचार केला आहे तो हौसेनं, पदरचे पैसे घालून, सुट्टीच्या दिवशी फोटो काढणाऱ्यांचा. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: आधी विषय ठरवा, मग लेन्स आणि सगळ्यात शेवटी बॉडी (म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा). बहुतेक खरेदी नेमकी याच्या उलट क्रमानं होते.

मोबाइलचे कॅमेरे इतके चांगले झालेत, तर वेगळा कॅमेरा घ्यावाच कशाला?

घरगुती समारंभ, प्रवास, जेवणाचं ताट, दिवसाउजेडी दिसणारे डोंगर यांसाठी नाही घेतला तरी चालेल, हे मी मनापासून सांगतो. मोबाइल पाच-दहा फ्रेम एकत्र करून जे काम करतो ते खरोखर उत्तम असतं. तो अडतो ते मोजक्या जागी. दूरचा पक्षी, अंधुक उजेडात हलणारी माणसं, अगदी जवळून टिपायचा किडा, आणि स्वतःच्या मर्जीनं प्रकाश देऊन काढलेला फोटो. या चारांपैकी एकात तरी तुमचा जीव अडकला असेल तर कॅमेरा घ्या. नसेल, तर तेच पैसे प्रवासावर खर्च करा. फोटो जास्त मिळतील.

'माझं बजेट एक लाख आहे, कोणता कॅमेरा घेऊ?' याला कोणी सरळ उत्तर का देत नाही?

कारण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो. त्याच एक लाखात तीन जणांना तीन वेगळे संच घ्यावे लागतात.

पहिल्याला पंढरीच्या वारीत चालायचं आहे. गर्दी, रिमझिम पाऊस, मध्येच कडक ऊन, दिवसभर गळ्यात कॅमेरा. त्याला हलकी बॉडी आणि २४ किंवा ३५ एमएमची रुंद चौकट देणारा छोटा प्राइम (झूम न होणारा) लेन्स हवा. मोठा झूम समोर धरला की माणसं बिचकतात किंवा पोझ देतात, आणि दोन्हीनं फोटो जातो. दुसऱ्याला हिवाळ्यात भिगवणला जाऊन उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित (फ्लेमिंगो) टिपायचे आहेत. त्याचा सगळा पैसा लांब लेन्समध्ये जायला हवा. बॉडी जुनी असली तरी बिघडत नाही. तिसऱ्याला सप्टेंबरात कासच्या पठारावर सीतेची आसवं आणि तेरडा गुडघ्यावर बसून जवळून काढायचा आहे. त्याला मॅक्रो (अगदी जवळून टिपणारा) लेन्स हवा आणि मागचा स्क्रीन बाहेर वळवता यायला हवा, नाहीतर चिखलात आडवं पडावं लागतं.

या तिघांना एकच मॉडेल सुचवणारा माणूस सल्ला देत नाही, माल खपवतो. म्हणून दुकानात जाण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षभरात काढलेल्यांपैकी तुम्हाला सर्वांत आवडलेले पन्नासेक फोटो निवडा आणि ते कशाचे आहेत ते बघा. आपण वन्यजीव फोटोग्राफर आहोत असं वाटणाऱ्या कितीतरी जणांच्या निवडीत माणसांचे चेहरे निघतात.

फुल-फ्रेम घ्यावा की एपीएस-सी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त पैसे वाया जातात तेही इथेच.

फुल-फ्रेम सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. निकॉन, सोनी, फुजी यांचा एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आणि कॅननचा त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळ काढलं तर फुल-फ्रेम साधारण अडीच पट मोठा भरतो. त्याच अ‍ॅपर्चरला आणि त्याच शटर स्पीडला (म्हणजे लेन्सचं तेवढंच भोक तेवढाच वेळ उघडं ठेवलं तर) त्यावर तेवढा जास्त प्रकाश जमा होतो. नॉइजच्या (फोटोतल्या दाणेदारपणाच्या) भाषेत सांगायचं तर फरक एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा जास्त, म्हणजे एपीएस-सीवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ला जे दिसतं, ते फुल-फ्रेमवर आयएसओ ३२००-४००० च्या आसपास दिसतं. फरक आहे, पण जाहिराती सांगतात तेवढा आभाळाएवढा नाही.

आता दुसरी बाजू. एपीएस-सी बॉडीवर एफ/३.५-५.६ चा किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारा) काढून एफ/१.८ चा प्राइम लावला (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्स जास्त प्रकाश घेतो), तर ५.६ पासून १.८ पर्यंत तीन स्टॉपहून जास्त प्रकाश मिळतो. म्हणजे फुल-फ्रेम घेऊन त्यावर स्वस्त, कमी प्रकाश घेणारा झूम लावणाऱ्यापेक्षा एपीएस-सीवर साधा, जास्त प्रकाश घेणारा लेन्स लावणारा पुढे असतो, आणि त्याच्या खिशात पैसेही उरतात. पार्श्वभूमी धूसर करण्याचं बहुतांश गणितही असंच लेन्सच्या बाजूनं सुटतं.

फुल-फ्रेम कोणी घ्यावा? रात्रीचं आकाश, मंदिराच्या गाभाऱ्यातला उजेड, नाटक आणि गाण्याच्या मैफली हा ज्यांचा मुख्य विषय आहे आणि फुल-फ्रेमचे लेन्स घ्यायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी जरूर घ्यावा. निकॉन झेड ५-२, कॅनन आर ८, सोनी ए ७ मार्क ४, पॅनासॉनिक एस ५-२ हे सगळे हौशी माणसाला पुरून उरणारे कॅमेरे आहेत. पक्षी, मॅक्रो आणि भटकंती यांसाठी मात्र मी आधी एपीएस-सीच सुचवतो. निकॉन झेड ५०-२, कॅनन आर १० आणि आर ७, सोनी ए६७००, फुजी एक्स-एस२० ही नावं पाहायला सुरुवात करा.

मग मायक्रो फोर थर्ड्स आता कालबाह्य झालं का?

नाही. ही आणखी लहान सेन्सरची पद्धत. त्याचा सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा, फुल-फ्रेमच्या चौथ्या हिश्श्याहून जरासा मोठा, त्यामुळे अंधारात जवळपास दोन स्टॉपचं नुकसान आहे. पण ३०० एमएमचा लेन्स तिथे ६०० एमएमसारखी चौकट देतो, आणि तो पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. हरिश्चंद्रगडासारख्या चढाईला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी ओएम सिस्टिमचे ओएम-१ आणि ओएम-५ एकदा तरी हातात घेऊन बघावेत. भारतात या पद्धतीचे लेन्स आणि दुरुस्ती निकॉन-कॅनन-सोनीइतकी सहज मिळत नाही, ही त्याची खरी अडचण आहे.

मेगापिक्सेल किती हवेत?

२४ पुरेत. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्याची २० × १३ इंचांची प्रिंट निघते, आणि भिंतीवर लावायची प्रिंट लांबूनच बघतात, त्यामुळे याहून मोठीही सुरेख दिसते. बारकावा दुप्पट हवा असेल तर पिक्सेल चौपट लागतात, म्हणजे थेट ९६ मेगापिक्सेल. २४ वरून ३३ वर जाण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. अपवाद पक्ष्यांचा: तिथे कापाकापी खूप करावी लागते आणि जास्तीचे पिक्सेल कामी येतात.

आजच्या घडीला डीएसएलआर घेणं शहाणपणाचं आहे का?

नवा घेऊ नका. डीएसएलआर म्हणजे आतल्या आरशातून बघायचा जुन्या पद्धतीचा कॅमेरा, मिररलेसमध्ये तो आरसा नसतो. कॅनन, निकॉन यांची सगळी नवी बॉडी आणि नवे लेन्स गेली काही वर्षं मिररलेसमध्येच येत आहेत. डीएसएलआरची नवी मॉडेलं काढण्याच्या वाटेवर मोठ्या नावांपैकी पेंटॅक्सच काय तो उरला.

सेकंडहँड मात्र हे सोन्यासारखे दिवस आहेत. निकॉन डी५०० हा २०१६ चा कॅमेरा आहे. १५३ फोकस पॉइंट, सेकंदाला १० फ्रेम, हातात घट्ट बसणारी बॉडी. त्याला २००-५०० एमएम एफ/५.६ लावून आजही कोणीही पक्ष्यांचे अव्वल फोटो काढू शकतो. डी७५०० आणि कॅनन ९०डी यांचंही तसंच. लोक मिररलेसकडे वळताना चांगले सांभाळलेले लेन्स विकतात, त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही. फक्त हे पुढचं गुंतवलेलं भांडवल नाही, चार-पाच वर्षांचा आनंद आहे, एवढं धरून चला.

एका सापळ्याबद्दल सावध करतो. कॅननचे एम मालिकेतले मिररलेस, उदाहरणार्थ एम५०, स्वस्तात मिळतात. ती मालिका २०२३ मध्ये बंद झाली. तिचे ईएफ-एम लेन्स कॅननच्या नव्या आर बॉडींवर बसत नाहीत. याउलट डीएसएलआरचे ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आर बॉडीवर झकास चालतात. निकॉनचे एफ माउंटचे (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसायची जोडणी) एएफ-एस लेन्सही एफटीझेड अ‍ॅडॉप्टरनं झेड बॉडीवर ऑटोफोकस करतात, पण बॉडीतल्या मोटरवर चालणारे जुने एएफ-डी लेन्स तिथे हातानंच फोकस करावे लागतात. घरात बाबांचे जुने लेन्स असतील तर हे आधी तपासा.

कंपनी कोणती चांगली?

फोटोच्या दर्जात आज एकही कंपनी मागे नाही. कंपनी निवडताना खरं तर तुम्ही माउंट निवडता, आणि माउंट बदलणं म्हणजे सगळे लेन्स विकणं. म्हणून तुम्हाला पुढच्या पाच वर्षांत जे दोन-तीन लेन्स हवेसे वाटतील ते त्या माउंटला आहेत का, किती वजनाचे आहेत, बाहेरच्या कंपन्यांचे स्वस्त पर्याय आहेत का, एवढं बघा.

सोनीचं ई माउंट सर्वांत मोकळं. सिग्मा, टॅमरॉन आणि इतरांचे ढीगभर लेन्स मिळतात. निकॉन झेडला टॅमरॉनचे लेन्स २०२२ पासून आणि सिग्माचे तीन छोटे एफ/१.४ प्राइम २०२३ पासून येऊ लागले. कॅननच्या आरएफ माउंटचं दार बराच काळ बंद होतं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला एपीएस-सी लेन्सपुरतं ते उघडलं. कॅननचे स्वतःचे हलके, परवडणारे लेन्स मात्र बघण्यासारखे आहेत. आरएफ १००-४०० चं वजन अवघं ६३५ ग्रॅम आहे, आणि दिवसभर पायी हिंडणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे.

आणखी एक निकष कोणी सांगत नाही: तुमच्या मित्रमंडळींकडे काय आहे? एकाच माउंटचे चार जण असले की महागडा मॅक्रो चौघांत एक पुरतो.

बॉडी आणि लेन्स यांत पैसे कसे वाटायचे?

बॉडीवर निम्म्याहून जास्त घालवू नका. पक्ष्यांचं वेड असेल तर तिसरा हिस्साच. बॉडी चार वर्षांत जुनी होते, चांगला लेन्स पंधरा वर्षं साथ देतो आणि विकताना बरी किंमत आणतो. बजेटमधून आधीच थोडे पैसे बाजूला काढून ठेवा, जादा बॅटरी, दोन कार्डं, एक साधा फ्लॅश आणि दमटपणापासून बचाव यांसाठी. हे खर्च हमखास येतात आणि तेव्हा खिसा रिकामा असतो.

किटमधला १६-५० किंवा १८-४५ टाकाऊ नसतो, पण वर्षभरात त्याची मर्यादा कळते. दुसरा लेन्स म्हणून मोठ्या झूमकडे धावण्याआधी एक स्वस्त प्राइम घ्या. कॅनन आरएफ ५० एफ/१.८ अवघ्या १६० ग्रॅमचा आहे, आणि निकॉनचा ४० एफ/२ ही असाच छोटा. घरच्या लहान मुलांचे संध्याकाळच्या उजेडातले फोटो या एका लेन्सनं पार पालटतात.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन नसेल तर कॅमेरा बाद समजावा का?

मुळीच नाही. हाताची थरथर सावरणारी ही यंत्रणा स्थिर विषयांसाठी वरदान आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरता येत नाही, उजेड जेमतेम असतो आणि चित्रं हलत नाहीत. तिथे १/८ सेकंदाला हातात धरून स्वच्छ फोटो मिळतो तो याच्या जोरावर. पण समोरचा माणूस हलला तर स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही. ढोल वाजवणाऱ्याचे हात थांबवायला १/५०० च लागतो.

सोनी ए६७००, कॅनन आर ७, फुजी एक्स-टी५, निकॉन झेड ५-२ यांत ते आहे. निकॉन झेड ५०-२, कॅनन आर १० आणि आर ८, सोनी ए६४०० यांत नाही. ज्या लांब लेन्समध्ये स्वतःचं स्टॅबिलायझेशन असतं तिथे ही उणीव फारशी जाणवत नाही. छोटे प्राइम वापरणाऱ्याला जाणवते.

ऑटोफोकसचे आकडे बघायचे का?

पॉइंट किती आहेत ते सोडा. विषय कोणते ओळखतो ते बघा. पानांच्या जाळीत बसलेल्या पक्ष्याचा डोळा कॅमेरा आपोआप पकडतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे जुन्या-नव्यातला फरक खराच मोठा आहे. सोनी ए६४०० माणूस आणि काही प्राण्यांचे डोळे ओळखतो, पक्ष्यांचे नाही. ए६७०० पक्षी आणि कीटकही ओळखतो. निकॉनच्या पहिल्या झेड ५० मध्ये पक्षी नव्हता, झेड ५०-२ मध्ये आहे. निसर्गदृश्यं किंवा वास्तूंचे फोटो काढणाऱ्यानं मात्र या एका गोष्टीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

पक्षी आणि जंगल: किती एमएम लागतं?

फुल-फ्रेमच्या मोजमापात ६०० एमएम. एपीएस-सीवर ४०० एमएमचा लेन्स साधारण तेवढीच चौकट देतो.

पण जागेनुसार हे बदलतं. भिगवणजवळ कुंभारगावातून होडीनं निघालं की नावाडी थव्याच्या बऱ्यापैकी जवळ नेतात. तिथे थव्याच्या उड्डाणाला झूम मागे घ्यावा लागतो, आणि पाण्यावर हलणाऱ्या होडीत शटर १/२००० च्या खाली आणायचा नाही. ताडोब्यात वाघ कधी शंभर मीटरवर तर कधी जिप्सीला खेटून जातो. म्हणून तिथे ६०० चा प्राइम घेऊन आलेला पाहुणा वाघाच्या नाकाचा फोटो काढतो आणि १५०-६०० वाला पूर्ण फ्रेम. धूळ इतकी असते की लेन्स बदलायचा नाही, ट्रायपॉडला जागा नसते, आणि जिप्सीच्या कडेवर टेकवायला तांदळानं किंवा थर्मोकोलच्या गोळ्यांनी भरलेली कापडी पिशवी सर्वांत उपयोगी पडते.

पहाटेच्या पहिल्या फेरीत एफ/६.३ ला आयएसओ ६४०० सहज लागतो. घाबरू नका. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. जेपेगच्या प्रत्येक रंगात २५६ छटा असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. शिवाय लाइटरूममध्ये २०२३ पासून एआयवर चालणारं डीनॉइज आलं आहे, तसं इतर सॉफ्टवेअरमध्येही आहे. पूर्वी टाकून दिले असते असे फोटो आता प्रिंट होतात. लांब लेन्स परवडत नाही म्हणून थांबलेल्यांनी हा बदल लक्षात घ्यावा: एफ/४ च्या अतिमहाग लेन्सची गरज यामुळे बरीच कमी झाली आहे.

वजनाचा विचार करा. निकॉनचा १८०-६०० आणि सोनीचा २००-६०० दोन्ही २ किलोंच्या आसपास आहेत. विकत घेण्याआधी असा लेन्स एका शनिवार-रविवारसाठी भाड्यानं आणा. मुंबई-पुण्यात ही सोय सहज मिळते. ओळखपत्र आणि अनामत रक्कम मागतात.

आंबोलीला पावसात बेडूक-साप काढायचे आहेत, कोणता कॅमेरा?

हा माझा अतिशय आवडीचा विषय, म्हणून जरा सविस्तर.

रात्रीच्या मॅक्रोमध्ये कॅमेऱ्याचं महत्त्व सर्वांत कमी असतं. मलबारचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर, फेसाच्या घरट्याशी बसलेला आहे, टॉर्चचा उजेड मंद ठेवलेला आहे. तुम्ही एफ/११, १/२०० आणि आयएसओ ४०० ला काढता. फोटोतला जवळजवळ सगळा प्रकाश फ्लॅशचा असतो. म्हणजे सेन्सर मोठा की छोटा, आयएसओ किती चांगला, हे प्रश्नच उरत नाहीत. उरतो तो फ्लॅशवरचा डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा पडदा). नुसता फ्लॅश मारला तर ओल्या कातडीवर पांढरे डाग उमटतात आणि डोळ्यात एक टोचरा ठिपका येतो. लेन्सच्या तोंडाजवळ, विषयाच्या शक्य तितक्या जवळ रुंद डिफ्यूजर आणला की तीच कातडी मखमली दिसते. प्लास्टिकच्या पांढऱ्या पातळ शीटचा घरी केलेला डिफ्यूजर महागड्याच्या तोडीस तोड काम करतो.

म्हणून कोणतीही एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स बॉडी, ९० ते १०५ एमएमचा मॅक्रो, एक फ्लॅश. लहान सेन्सरवर त्याच चौकटीला आणि त्याच अ‍ॅपर्चरला जास्त खोलीपर्यंत फोकस मिळतो, हा इथे फायदाच आहे. मॅक्रो लेन्सला पैसे नसतील तर असलेल्या टेलिझूमच्या पुढे लावायचा रेनॉक्स डीसीआर-२५० घ्या. छोटीशी चिमट्यानं बसणारी काच आहे, पण कोळ्याचे डोळे दाखवते.

आणि बेडूक हातात धरून 'चांगल्या' पानावर ठेवायचा नाही. त्यांची कातडी श्वास घेते, आणि तुमच्या हाताला डास पळवणारं मलम असतं.

'वेदर सील्ड' म्हणजे पावसात बिनधास्त का?

बहुतेक कंपन्या हा शब्द वापरतात पण त्यामागे कोणतंही अधिकृत मानांकन देत नाहीत. ओएम-१ आणि ओएम-५ ला आयपी५३ (धूळ-पाण्यापासून बचावाचं) मानांकन आहे, ते अपवाद. शिवाय लेन्सही सील्ड हवा. तो नसेल तर पाणी माउंटमधून आत जातं. सह्याद्रीतल्या आडव्या पावसात कॅमेरा कोणताही असो, वर रेनकव्हर हवंच. पिशवीत एक कोरडा सुती पंचा ठेवा, त्याच्यासारखं लेन्सवरचं पाणी काही टिपत नाही.

लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावं?

कोकण, गोवा, मुंबई आणि घाटमाथा इथल्या माणसानं कॅमेरा निवडण्याआधी याचं उत्तर ठरवावं, इतका हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते. अंधार, दमटपणा आणि काचेवरची धूळ एवढं बुरशीला पुरतं. एकदा ती आतल्या काचेवर पसरली की कोटिंग खाते, आणि साफ केली तरी खुणा राहतात.

चांगला उपाय म्हणजे ड्राय कॅबिनेट. विजेवर चालणारं छोटं कपाट असतं, त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायची. त्याहून खूप कमीही नको, रबर आणि वंगण सुकतं. ते जमत नसेल तर रबरी कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत वापरा. तांदळात कॅमेरा ठेवायची पद्धत ऐकली असेल, पण त्याची भुकटी बटणांत शिरते. कॅमेरा बॅगेत किंवा चामड्याच्या केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण.

एसी खोलीतून किंवा गाडीतून एकदम बाहेर कॅमेरा काढला की काचेवर दव धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. आणि पावसाळ्यात कॅमेरा वापरत राहा. वापरातल्या लेन्सला उजेड आणि हवा मिळत राहते.

सेकंडहँड घेताना काय तपासू?

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात, किंवा ओळखीच्या माणसाकडून, जिथून घ्याल तिथे घाई करू नका. दिवसाउजेडी भेटा, स्वतःचं कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन जा.

लेन्स बॉडीपासून काढा, दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूनं टॉर्च तिरका मारत पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण असतातच, त्यांनी काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे किंवा कडेपासून आत सरकणारी नक्षी दिसली की ती बुरशी. किंमत कितीही कमी असो, नको. झूम आणि फोकसची रिंग सावकाश पूर्ण फिरवा, मध्ये कुठे अडली तर लेन्स पडलेला असू शकतो.

बॉडीसाठी: एफ/१६ लावून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून सेन्सरवरचे डाग बघा. लेन्सला टोपी लावून ३० सेकंदांचा काळा फोटो काढा, त्यात जळलेले पिक्सेल चमकतात. निकॉनच्या बहुतेक बॉडींचा शटर काउंट (आजवर झालेले क्लिक) जेपेगच्या एक्झिफमध्येच (फोटोत नोंदलेल्या माहितीत) असतो. कॅनन ती माहिती फोटोत लिहीत नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी७५०० चं शटर १,५०,००० क्लिकसाठी आणि डी५०० चं २,००,००० साठी तपासलेलं आहे. निम्म्याच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. मूळ बिल आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळतो का ते बघा, न जुळल्यास चोरीचा माल गळ्यात पडू शकतो.

ग्रे मार्केटमधून (कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांबाहेरून) किंवा परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवू का?

कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे 'बिल नको असेल तर कमी करतो' हा मोह मोठा असतो. पण कंपनीची भारतातली वॉरंटी त्या बॉडीला मिळत नाही, आणि मिररलेसच्या आतला एखादा बोर्ड गेला की वाचलेले पैसे एका फटक्यात जातात. लेन्सच्या बाबतीत धोका कमी, बॉडीच्या बाबतीत मी नको म्हणतो. परदेशातून आणताना कस्टमची मर्यादा आधी बघा, आणि जपानमधून आणत असाल तर एक खास काळजी घ्या: तिथल्या स्थानिक बाजारातल्या सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो.

लेन्स बदलायचाच नाही, एकच सुपरझूम कॅमेरा चालेल का?

चालेल, सेन्सर बघून घ्या. निकॉन पी१००० चा झूम ३००० एमएमपर्यंत जातो, चंद्र चौकटभर येतो, पण सेन्सर मोबाइलच्या तोडीचाच छोटा आहे. ढग आले की फोटो मऊ पडतात. सोनी आरएक्स१०-४ हा २०१७ चा, एक इंची सेन्सरचा आणि २४-६०० एमएमचा. चांगल्या स्थितीत मिळाला तर प्रवासी पक्षीप्रेमीला मनापासून सुचवेन.

व्हिडिओसाठी काही वेगळं?

४के ६० ला (सेकंदाला ६० फ्रेमच्या ४के व्हिडिओला) चौकट किती कापली जाते आणि कॅमेरा उन्हात किती मिनिटांत तापून बंद पडतो, एवढे दोन प्रश्न विचारा. कॅनन आर १० मध्ये ४के ६० ला चौकट बरीच आवळते. कधीमधी शूट करणाऱ्याला याचं काही वाटत नाही.

दुकानात हातात घेऊन नेमकं काय बघू?

डोळा व्ह्यूफाइंडरला लावा आणि तो न काढता अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ आणि फोकस पॉइंट बदलून बघा. प्रत्येकाला स्वतंत्र चक्र किंवा बटण बोटाखाली येतं का? दोन चक्रं असलेली बॉडी एक चक्रवाल्या बॉडीपेक्षा कायम सरस, यासाठी जास्त पैसे मोजायला मी सांगेन. फुजी एक्स-टी५ वर शटर आणि आयएसओच्या तबकड्या वरच असतात, काहींना त्या पाहताक्षणी आवडतात, काहींना अडचण वाटते. करंगळी बॉडीखाली लोंबते का ते बघा. लांब लेन्स लावला की तिथेच हात दुखतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट चारही कोपरे दिसतात का? आणि तुम्ही घेणार असलेला लेन्स लावूनच हे सगळं करा, किट लावून नाही.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

बदलून देण्याची मुदत संपायच्या आत खूप वापरा. विटांच्या भिंतीचा किंवा वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो समोरून काढून चारही कोपरे सारखे तीक्ष्ण आहेत का बघा, एक कोपरा कायम मऊ असेल तर लेन्स बदलून मागा. कार्ड भरेपर्यंत सलग फ्रेम घ्या. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, साध्या कामाला ते पुरतं, पण पक्ष्यांच्या उड्डाणाला कॅमेरा मध्येच अडखळला तर बॉडीत यूएचएस-२ (जास्त वेगाच्या कार्डाची) सोय आहे का ते बघून तसं कार्ड घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर नोंदवा, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) ताजं करा, बिलाचा फोटो काढून ईमेलला ठेवा. मूळ खोका आणि आतला थर्मोकोल वर्षभर टाकू नका. विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक तो आधी मागतं.